गॅरेजची खोली करताना: इंग्लंडमधल्या घरासाठी पायरी-पायरीने

घर शोधत होतो तेव्हाची गोष्ट. तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं) घर, शिवाय गॅरेजची केलेली खालची खोली. आई-बाबा दर दोन वर्षांनी उन्हाळा काढायला येतात आणि बाबांचे गुडघे जिना म्हटलं की कुरकुरतात. त्यामुळे ती खोली बघूनच आमचं मन अर्धं तिथे अडकलं. बायकोने सहज कपाटामागे डोकावलं. कोपऱ्यात खालून वर चढत गेलेली काळी बुरशी, आणि भिंतीला हात लावला तर पाण्याच्या माठासारखी गार, ओलसर. पुढे वकिलांनी कळवलं की त्या कामाचं कम्प्लीशन सर्टिफिकेट, म्हणजे काम नियमांप्रमाणे झाल्याचा दाखलाही नाही. ते घर सोडलं.

घेतलं ते दुसरं, १९७० च्या दशकातलं. त्याचं गॅरेज अजून गॅरेजच होतं, म्हणजे त्यात तांदळाची २० किलोची पोती, दोन सायकली आणि गणपतीचं मखर होतं. गाडी कधी शिरलीच नाही. मागच्या बाजूला छोटं एक्स्टेन्शन काढायचं ठरलं तेव्हा त्याच कामात गॅरेजचीही खोली करून घेतली. या कामात पहिल्यांदाच पडणाऱ्यांसाठी हा लेख. नियम सांगितलेत ते इंग्लंडचे. स्कॉटलंडमध्ये आधी बिल्डिंग वॉरंट (बांधकामाची लेखी मंजुरी) लागतं आणि वेल्सचे नियमही वेगळे आहेत, तिकडच्या मंडळींनी आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

आधी कागद

काम घराच्या आतल्या आत होत असेल आणि इमारतीचा आकार वाढत नसेल, तर गॅरेजची खोली करायला साधारणपणे प्लॅनिंगची, म्हणजे मुळात बांधकाम करू द्यायची कौन्सिलची परवानगी लागत नाही. पण या 'साधारणपणे'त बरेच जण अडकतात. नव्या वसाहतींमध्ये मूळ परवानगीतच 'गॅरेज गाडीसाठीच वापरावं' अशी अट असते. कधी घराच्या खरेदीखतात तसं बंधन घातलेलं असतं. कॉन्झर्व्हेशन एरियात (जुनं रूप जपण्यासाठी राखलेल्या भागात) आणखी अटी असू शकतात. कौन्सिलच्या वेबसाइटवर आपल्या पत्त्याची मूळ परवानगी शोधून वाचा, आणि खरेदीच्या वेळी वकिलांनी दिलेली फाइल एकदा पुन्हा उघडा.

मागचं एक्स्टेन्शन वेगळं मोजलं जातं. सेमी-डिटॅच्ड घराला मूळ मागच्या भिंतीपासून ३ मीटरपर्यंत, डिटॅच्डला ४ मीटरपर्यंत एकमजली बांधकाम परवानगीशिवाय चालतं, अर्थात उंची वगैरेच्या अटी पाळून. मात्र गॅरेजच्या मागे बांधकाम जोडायचं असेल तर ते 'बाजूचं' धरायचं की 'मागचं' यावर घोळ होतो. अशा वेळी लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट (या बांधकामाला परवानगी लागत नाही, असा कौन्सिलचा दाखला) आधीच काढून ठेवा. पुढे घर विकताना तो कागद हाताशी लागतो.

बिल्डिंग रेग्युलेशन्सची, म्हणजे बांधकाम कसं व्हावं याच्या नियमांची मंजुरी मात्र लागतेच. 'परवानगी लागत नाही' असं शेजारी सांगतात तेव्हा त्यांच्या मनात प्लॅनिंग असतं, आणि ऐकणारा दोन्ही सोडून देतो. नुसती बिल्डिंग नोटिस देऊन काम सुरू करता येतं, किंवा पूर्ण नकाशे मंजूर करून घेता येतात. एक्स्टेन्शन बरोबर असेल तर मी दुसरा रस्ता सुचवेन, कारण त्यात चुका कागदावरच सापडतात.

शेजाऱ्याचं गॅरेज तुमच्या गॅरेजला चिकटून असेल तर १९९६ चा पार्टी वॉल कायदा बघा. सामायिक भिंतीत काम करायचं तर दोन महिने आधी नोटिस द्यावी लागते. शेजारच्या बांधकामापासून ३ मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणायचं असेल तर एक महिना आधी. नोटिस द्यायच्या आधी त्यांना चहाला बोलवा, नुसतंच पत्र गेलं की माणसं बिथरतात. घराचा विमा आणि मॉर्गेज देणाऱ्यांनाही कळवून ठेवा.

गॅरेज नीट बघा

एखाद्या पावसाळी दिवशी सगळं सामान बाहेर काढा आणि टेप घेऊन आत उभे राहा. या गोष्टी टिपून घ्या.

बाहेरची भिंत किती जाडीची आहे? घराच्या भिंती बहुधा दुहेरी, मधे पोकळी असलेल्या असतात. गॅरेजची मात्र बऱ्याचदा एकाच विटेची, सुमारे १०० मिमीची, आणि तिला ठरावीक अंतरावर विटांचे खांब टेकू म्हणून दिलेले असतात. जोराच्या पावसात अशी भिंत आतल्या बाजूने ओली होते. हा दोष समजू नका, ती गाडीसाठीच बांधलेली आहे.

जमीन घराच्या जमिनीपेक्षा किती खाली आहे? पेट्रोल सांडलं तर घरात येऊ नये म्हणून गॅरेज साधारण १०० मिमी किंवा जास्त खाली ठेवतात, आणि कोब्याला दाराकडे उतार असतो. हा फरक चार कोपऱ्यांत मोजा, सगळीकडे सारखा नसतो.

छप्पर सपाट आहे की उतरतं? घर २००० च्या आधीचं असेल आणि गॅरेजवर करड्या रंगाचे पन्हाळी पत्रे असतील तर ते अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे असू शकतात. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. तपासून घेतल्याशिवाय त्यांना ड्रिल लावू नका, तोडू तर मुळीच नका.

बॉयलर, गॅसचा मीटर, विजेचा फ्यूजबोर्ड यांतलं काय काय आत आहे, तेही लिहा. हे हलवायचे पैसे बऱ्याच जणांच्या अंदाजपत्रकात नसतात.

आणि रुंदी. जुनी गॅरेजं आतून जेमतेम २.४ मीटर भरतात. बाहेरच्या भिंतीवर सगळे थर चढल्यावर १५० मिमी जातात, उरतात सव्वादोन मीटर. १.३५ मीटरचा डबल बेड एका भिंतीला लावला तर चालायला ९० सेंटिमीटर राहतात. आम्ही खडूने जमिनीवर बेड काढून बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवला. ते म्हणाले, "रेल्वेच्या डब्यापेक्षा ऐसपैस आहे."

पुढचं दार बुजवणं

गॅरेजचं मोठं दार काढून तिथे खिडकीसह भिंत बांधायची, हे सगळ्यात सोपं दिसणारं काम आहे. अडचण जमिनीखाली असते. दोन्ही बाजूंच्या भिंतींना पाया असतो, पण दाराखाली बऱ्याचदा नुसता कोबाच पुढे आलेला असतो.

आमच्याकडे बिल्डिंग कंट्रोलचा (बांधकामाचे नियम पाळले का ते तपासणारा) निरीक्षक पहिल्या भेटीला आला तेव्हा दारासमोर फूटभर रुंदीचा खड्डा खणून ठेवायला सांगितलं होतं. तो गुडघ्यावर बसला, सळईने कोब्याच्या कडेखाली ढोसलं, सळई आरपार मातीत गेली. "चार इंच," एवढंच म्हणून त्याने वहीत लिहिलं. अशा वेळी दोन वाटा असतात. एक, नवीन पाया खणायचा. थंडीने माती फुगण्याच्या हिशेबाने पाया निदान ४५० मिमी खोल लागतो आणि चिकणमाती असेल तर ७५० मिमी, जवळ झाडं असतील तर त्याहून जास्त. दुसरी वाट म्हणजे दोन्ही बाजूंच्या जुन्या पायांवर टेकणारं काँक्रीटचं लिंटेल (आडवी तुळई) जमिनीलगत टाकून त्यावर भिंत उचलायची. दुसरी स्वस्त पडते, पण जुना पाया तेवढा भार घेईल हे निरीक्षकाला पटलं पाहिजे. त्याला न विचारता भिंत उभी करू नका. पुढे पाया दाखवायला तीच भिंत खणावी लागते.

नवी भिंत दुहेरी बांधा, मधल्या पोकळीत इन्सुलेशन (ऊब धरून ठेवणारा थर) भरा आणि ओल अडवणारा पट्टा घराच्या पट्ट्याला जोडून घ्या. तो पट्टा बाहेरच्या जमिनीपासून १५० मिमी वर हवा. इथेच घोटाळा होतो, कारण गाडी आत यावी म्हणून ड्राइव्हवे दारापाशी बरोबर जमिनीच्या पातळीला आणलेला असतो. फरशीची एक रांग उचलून पातळी खाली घ्यावी लागते, आणि उतार घराकडे असेल तर जाळीची गटारपट्टी टाकावी लागते.

काही जण पुढचा मीटर-दीड मीटर भाग कोठीसाठी ठेवून गॅरेजचं दार तसंच राहू देतात. बाहेरून घर बदलत नाही, कचऱ्याचे डबे आणि सायकली सुटतात. पण मग खोलीला खिडकी दुसरीकडून मिळाली पाहिजे, आणि कोठीला लागून असलेली भिंतही बाहेरची समजून इन्सुलेट करावी लागते.

गोधडी अखंड हवी

आता मुख्य गोष्ट. खोलीचा उभा छेद कागदावर काढा: जमीन, भिंती, छत. इन्सुलेशनचा थर लाल पेन्सिलने रंगवत जा. पेन्सिल न उचलता पूर्ण फेरी झाली पाहिजे. जिथे उचलावी लागली तिथे थंडी शिरणार, आतल्या हवेतली वाफ तिथेच पाणी होऊन बसणार आणि बुरशीही तिथेच येणार. गोधडी कितीही जाड असली तरी बाहेर राहिलेला पाय गारठतोच. आम्ही बघितलेल्या त्या पहिल्या घरात भिंतीवर इन्सुलेशन होतं असं विक्रेता सांगत होता, आणि खोटंही बोलत नसावा. बुरशी होती ती भिंत आणि जमीन भेटतात त्या कोपऱ्यात.

किती इन्सुलेशन लागतं ते यू-व्हॅल्यूने ठरतं. एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना किती वॅट उष्णता निसटते, तो हा आकडा. लहान तेवढा चांगला. सध्याच्या नियमांप्रमाणे गॅरेजच्या जुन्या भिंती आतून इन्सुलेट केल्या तर ०.३०, जमीन ०.२५ आणि छप्पर ०.१६ गाठायचं असतं. शेजारीच नवीन बांधलेल्या एक्स्टेन्शनला मात्र भिंत आणि जमीन ०.१८, छप्पर ०.१५. एकाच कामात दोन मापं चालतात. बिल्डरने सगळीकडे एकच जाडी लावली तर कुठेतरी जास्त पैसे गेले किंवा कुठेतरी नियम मोडला असं समजा.

जमीन

क्रम असा: कोबा झाडून समतल करा, त्यावर १२०० गेजचं जाड प्लास्टिक पसरा, कडांना भिंतीवर चढवून ओल अडवणाऱ्या पट्ट्याला नेऊन भिडवा. त्यावर पीआयआरचे, म्हणजे टणक इन्सुलेशन फोमचे बोर्ड. छोट्या गॅरेजला ७५ मिमी बहुधा पुरतात, पण नक्की जाडी तुमच्या खोलीच्या आकारावर ठरते, ती हिशेबाने काढून घ्या. बोर्डांचे सांधे फॉइलच्या टेपने बंद करा. वर २२ मिमीची चिपबोर्ड किंवा ६५ मिमीचा स्क्रीड (सिमेंट-वाळूचा सपाट थर).

म्हणजे घराच्या जमिनीपेक्षा १०० मिमी खाली असाल तर ७५ आणि २२ मिळून पातळी जवळपास जुळते. १५० मिमी असेल तर स्क्रीडलाही जागा आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी खोली करताना उंबरठ्यावर अर्ध्या इंचाचाही अडथळा ठेवू नका. रात्री बाथरूमला उठणारा माणूस तिथेच ठेचकाळतो.

स्क्रीड टाकणार असाल तर भोवतीने भिंतीला लागून २५ मिमीची फोमची उभी पट्टी लावायला विसरू नका. लाल पेन्सिल उचलली जाते ती नेमकी इथे.

भिंती

एकेरी विटेच्या भिंतीला प्लास्टरबोर्ड थेट चिकटवून मोकळं व्हायचं, ही सगळ्यात महागात पडणारी काटकसर. पावसाचं पाणी विटेतून आत झिरपतं आणि बोर्ड चिकटवायला लावलेल्या मसाल्याच्या ठिपक्यांमधून बोर्डापर्यंत पोचतं. त्यासाठी विटेपासून ५० मिमी मोकळी जागा सोडून लाकडाचा स्वतंत्र सांगाडा उभा करायचा. त्याचा पाय जमिनीवर आणि डोकं छताच्या तुळयांना. विटेचे खांब आत आले असतील तर सांगाडा त्यांच्याही आतून न्या, भले खोली आणखी अरुंद होवो. सांगाड्याच्या तळपट्टीखाली ओल अडवणारी पट्टी, आणि विटेकडच्या अंगाला वाफ बाहेर जाऊ देणारा पण पाणी आत न घेणारा कापडी पडदा.

मग लाकडांच्या मधे ५० मिमी पीआयआर आणि सगळ्यावरून, लाकडं झाकून, आणखी ४० मिमीचा अखंड थर. नुसते लाकडांच्या मधे बोर्ड भरले तर प्रत्येक लाकूड थंडीची वाट होते. वरच्या अखंड थरानेच ०.३० च्या आत आरामात येता. बोर्ड कापताना चाकूने चिरून मोडू नका, बारीक दातांची करवत वापरा, आणि फटीत बोर्डाचे तुकडे ठोसण्याऐवजी फोम मारा. धूळ भयंकर उडते, तोंडावर मास्क हवाच.

इन्सुलेशनच्या आतल्या, म्हणजे उबेच्या बाजूला वाफ अडवणारा थर. फॉइल असलेल्या बोर्डांचे सांधे टेपने बंद केले तर तेच काम करतात. आमच्या इलेक्ट्रिशियनने सगळं टेपून झाल्यावर सॉकेटांसाठी सुबक चौकोनी भोकं पाडली. जानेवारीत एका संध्याकाळी सॉकेटशेजारी उदबत्ती धरली तर धूर सरळ आत ओढला जात होता. प्लास्टरबोर्ड उचकटून भोकं पुन्हा बुजवली. तुम्ही हे टाळू शकता: प्लास्टरबोर्डच्या मागे २५ मिमीच्या लाकडी पट्ट्या मारून वायरींसाठी वेगळी पोकळी ठेवा, म्हणजे फॉइलला कुणी हात लावणार नाही. तेवढी रुंदी आणखी जाते, पण मी पुन्हा केलं तर हेच करीन.

घराच्या बाजूची जुनी भिंत पलीकडे उबदार असते, तिला काही लागत नाही. शेजाऱ्याच्या गॅरेजला लागून असलेली भिंत मात्र पूर्ण इन्सुलेट करा, त्यांचं गॅरेज थंड असतं.

छत

उतरतं छप्पर असेल तर छताच्या तुळयांवर लोकरीसारख्या मिनरल वूलचे दोन आडवे-उभे थर, मिळून २७० ते ३०० मिमी. वळचणीपाशी वारा खेळायला वाट ठेवा. लोकर तिथे कोंबली की माळ्यावरची लाकडं घामेजतात.

सपाट छपरात दोन प्रकार. इन्सुलेशन तुळयांच्या मधे भरलं तर त्याच्यावर ५० मिमीची हवेची पोकळी समोरासमोर उघडी ठेवावी लागते. इन्सुलेशन छताच्या फळ्यांवरून टाकून वर नवं आवरण केलं तर पोकळीची गरज नाही आणि लाल पेन्सिलही उचलावी लागत नाही. जुनं आवरण बदलायलाच आलं असेल तर दुसरा प्रकार करा.

खिडकी, हवा, आग

उघडणारी खिडकी जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक-विसांश हवी, पल्ला ३० अंशांहून जास्त उघडत असेल तर. म्हणजे ११ चौरस मीटरच्या खोलीला अर्ध्या चौरस मीटरहून थोडी मोठी. शिवाय वरच्या चौकटीत सतत थोडी हवा येऊ देणारी ट्रिकल व्हेंट. थंडी येते म्हणून ती पेपर कोंबून बंद करू नका.

खोलीत जायची वाट दुसऱ्या खोलीतून असेल, समजा स्वयंपाकघरातून, तर आग लागल्यास बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते. उघडी जागा ०.३३ चौरस मीटर, रुंदी आणि उंची दोन्ही निदान ४५० मिमी, आणि खालची कड जमिनीपासून ११०० मिमीच्या वर नको. वयस्कर माणसांसाठी मी शक्य झाल्यास दार हॉलमध्येच उघडीन, खिडकीतून चढून जायची वेळच नको. धुराचे अलार्म एकमेकांशी जोडलेले असू द्या.

शॉवर जोडणार असाल तर सेकंदाला १५ लिटर हवा खेचणारा पंखा, आणि त्याचा पाइप माळ्यात न सोडता थेट बाहेर.

वीज नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. बॉयलर किंवा गॅसच्या नळीला हात लावायचा तर माणूस गॅस सेफ या अधिकृत यादीत नोंदलेला हवा. रेडिएटर वाढवण्याआधी बॉयलर तेवढं ओढेल का, ते त्यालाच विचारा.

निरीक्षक आणि शेवटचा कागद

काम सुरू करण्याच्या निदान २ दिवस आधी कळवायचं असतं. पुढे पाया, जमिनीचं प्लास्टिक, इन्सुलेशन या प्रत्येक टप्प्याला, झाकायच्या आधी, निरीक्षकाला बोलवा. बिल्डरला प्लास्टरबोर्ड मारायची घाई असते, त्याचा पुढचा जॉब ठरलेला असतो. शेवटचा मोठा हप्ता सर्टिफिकेट हातात आल्यावरच, असं पहिल्या दिवशी लिहून घ्या. प्रत्येक थराचे, टेप भिंतीला धरून, फोटो काढून ठेवा.

आधीच्या मालकाने विनामंजुरी केलेली खोली तुमच्या गळ्यात पडली असेल तर कौन्सिलकडे रेग्युलरायझेशनचा (झालेलं काम मागाहून मंजूर करून घेण्याचा) अर्ज करता येतो. ११ नोव्हेंबर १९८५ नंतरच्या कामांना तो लागू आहे. पण निरीक्षकाला आतले थर दिसले पाहिजेत, म्हणजे भिंत थोडी उघडावी लागेल. कौन्सिल टॅक्सचा बँड (घराच्या कराचा गट) खोली केली म्हणून तुमच्यावर लगेच वाढत नाही, घर विकलं गेलं की तो पुन्हा तपासला जाऊ शकतो.

उरलं मखर. ते आम्ही आता माळ्यावर ठेवतो. तिथे लोकरीवर थेट फळ्या टाकल्या तर ती दबते आणि दबलेली लोकर ऊब धरत नाही. तुळयांवर प्लास्टिकचे उंच पाय बसवून त्यावर फळ्या टाका. मखराच्या खोक्याला दोरी बांधून ठेवा, भाद्रपदात खाली उतरवायला सोपं जातं.